रिकामे डबे आणि भरलेली बादली

मी उष्ट्याची बादली बोलतेय. नाक मुरडलंत ना? मुरडा, मला सवय आहे. पण उठून जाऊ नका, कारण मी जे सांगणार आहे ते या शाळेत दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. फळ्याला नाही, घंटेला नाही, मोठ्या बाईंच्या टेबलालासुद्धा नाही.

माझी जागा जेवणाच्या खोलीत, दाराशी, हात धुवायच्या नळाशेजारी. माझ्या झाकणाला एका बाजूने बोटभर चीर गेलीय आणि तिच्यातून मी सगळं बघते. झाकण बदलायला हवं, असं मावशी अधूनमधून म्हणतात. तेव्हा मी घाबरते. वासाने माझा जीव कधी गुदमरला नाही, पण काय चाललंय ते कळलं नाही तर नक्की गुदमरेल. चौकसपणा माझ्या अंगातच आहे, त्याला इलाज नाही.

मुळात मी रंगाची बादली. एका कारखान्यात गरम साच्यातून बाहेर पडले, कडी लागली, पोटात वीस लिटर पिवळा रंग ओतला गेला आणि कुणीतरी झाकण ठोकून बसवलं. त्या अंधारात किती दिवस काढले कोण जाणे. उजेड दिसला तो थेट या शाळेत. रंगारी कानाला ब्रश खोचून स्वतःशीच बोलणारा होता. जेवणाच्या खोलीच्या चारही भिंती त्याने माझ्या पोटातल्या रंगाने पिवळ्या केल्या. मग छोट्या डब्यांतले रंग घेऊन त्यावर एक हसरं गाजर, एक धावणारं सफरचंद आणि दोरीवरच्या उड्या मारणारं केळं काढलं. केळ्याला पाय काढावेत की नाही, यावर त्याने अर्धा तास घालवला. शेवटी काढले, आणि एका पायात बूट घालायचा राहून गेला. तो अजून तसाच अनवाणी आहे.

काम संपलं आणि स्वारी मला तिथेच विसरून गेली. मग मला मावशींनी उचललं. मावशी म्हणजे शाळेची झाडलोट, भांडीकुंडी, पाणी, सगळं बघणाऱ्या. त्यांनी मला दोन दिवस घासलं. कडीखालचा एक पिवळा ओघळ तेवढा निघाला नाही. "भक्कम आहे," त्या म्हणाल्या, "उष्ट्याला होईल."

खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. ज्या भिंती बघून मुलं खूश होतात त्या माझ्या पोटातून आलेल्या, आणि माझ्या नशिबी उष्टं. आठवडाभर मी रुसून होते. पण रुसायलासुद्धा निवांतपणा लागतो, आणि इथे रोज एवढ्या बातम्या यायला लागल्या की रुसवा कधी गेला ते कळलंच नाही. माणूस काय खातो ते सगळे बघतात. काय टाकतो ते फक्त मला दिसतं.

पहिलीच्या वर्गात दोन जुळ्या बहिणी होत्या. एक उकडलेल्या अंड्यातलं पिवळं टाकायची, दुसरी पांढरं टाकायची. शेजारी शेजारी बसून दोघी हे करायच्या. अगं बायांनो, अदलाबदल करा की, असं मी रोज मनात ओरडायची. एक मुलगा वाटाणे एकेक करून माझ्यात सोडायचा आणि मोजायचा. त्याचे शंभरपर्यंतचे आकडे माझ्यामुळे पक्के झाले, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. आणि खेळ शिकवणारे शिट्टीसर. गळ्यात कायम शिट्टी, मुलांना सांगणार की काकडी खा, टोमॅटो खा, ताकद येते. आणि स्वतःच्या डब्यातल्या काकड्या इकडेतिकडे बघून हळूच माझ्यात. मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कशी?

मला एकच प्रश्न छळायचा. का टाकतात? वाईट लागतं म्हणून? भूक नसते म्हणून? पोटात आलेल्या घासाला विचारता आलं असतं तर मी विचारलं असतं.

त्या वर्षी पहिलीला नव्या बाई आल्या. वयाने लहान, बोलायला गोड, आणि कामाला अशा की दमतात कधी असा प्रश्न पडावा. मुलांनी नीट खावं, भरपूर खेळावं, याचं त्यांनी मनावरच घेतलं होतं. रुमालाखाली गाजर, बीट, काकडी झाकून ठेवायच्या आणि मुलांना हात लावून ओळखायला सांगायच्या. वास घ्या, मोडून आवाज ऐका, मग खा. मुलांना मैदानाला एक फेरी मारायला लावायच्या आणि छातीवर हात ठेवायला सांगायच्या. "आत काय वाजतंय?" असं विचारलं की तीस मुलं डोळे मोठे करून स्वतःचीच छाती ऐकत उभी राहायची. मला छाती नाही, पण मीही कान देऊन ऐकायची.

मग बाईंनी तो तक्ता आणला. हसऱ्या गाजराच्या बरोबर खाली लावला. प्रत्येक मुलाच्या नावापुढे रिकाम्या चौकटी. नियम सोपा होता. मधल्या सुट्टीत डबा संपवायचा, रिकामा डबा दाराशी बाईंना दाखवायचा, एक चांदणी चिकटवून घ्यायची आणि मैदानावर पळायचं. जो आधी संपवेल तो आधी खेळायला. मैदानावर शिट्टीसर दोऱ्या घेऊन उभे. दोऱ्या पाच, मुलं तीस.

पहिल्याच आठवड्यात तक्ता चांदण्यांनी भरायला लागला आणि मी उष्ट्याने. मावशी मला रोज मैदानामागच्या खताच्या खड्ड्यापर्यंत नेतात. पूर्वी एका हाताने न्यायच्या, आता दोन हात लागायला लागले. एक दिवस त्या बाईंना म्हणाल्या, "बाई, हिचं वजन वाढतंय हो रोज."

"फळांची सालं असतील मावशी," बाई आनंदाने म्हणाल्या. "फळं जास्त खायला लागलीत ना मुलं."

मावशींनी मान हलवली. मी आतून ओरडत होते, सालं नाहीत, अख्खी केळी आहेत. पण बादलीचं कोण ऐकतं.

आता सरकारबद्दल सांगते. सरकार म्हणजे वर्गातली सगळ्यात बारकी मुलगी. हे नाव तिच्या आजोबांनी दिलेलं. घरी दोघंच. आई कामासाठी दूर, महिन्यातून एकदा येणारी. आजोबा शिंपी होते, आता डोळ्यांना सुईत दोरा ओवणं जमत नाही, म्हणून दुकान बंद करून नातीला सांभाळत होते. मला हे सगळं ठाऊक, कारण मावशी मला धुऊन मागच्या फाटकाशी उन्हात पालथी ठेवतात, आणि आजोबा शाळा सुटायच्या आधी येऊन त्याच फाटकाशी उभे राहतात. मावशींशी त्यांच्या गप्पा चालतात. स्वयंपाक त्यांनी साठीनंतर शिकला. पण कापायचा हात शिंप्याचा. गाजराच्या चकत्या अशा कापायचे की सगळ्या एका जाडीच्या, आणि प्रत्येकीला काडीने चार भोकं पाडायचे. डबा उघडला की केशरी बटणांची ओळ. वर्गातली मुलं बघायला यायची.

सरकारचे पुढचे दोन्ही दात पडलेले. ती दाढेने चावायची, सावकाश, एकेक घास. मुलं तिला गोगलगाय म्हणायची. तिचा डबा संपेपर्यंत मैदानावरच्या पाचही दोऱ्या दुसऱ्यांच्या हातात गेलेल्या असायच्या. आणि तिला दोरीवरच्या उड्यांचं वेड लागलं होतं. वीस उड्या न अडखळता मारायच्या, हे तिने ठरवलं होतं. तिची गाडी सातावर अडली होती.

तक्ता लागल्यापासून चौथ्या दिवशी ती माझ्यापाशी आली. झाकण उचललं आणि आत बघितलं. अशी आत बघणारी ती पहिलीच. तिने अर्धा डबा माझ्यात रिकामा केला. बटणं टपटप पडली.

"तू खा," ती हळूच म्हणाली. "तुला कुठे खेळायला जायचंय." मग जाता जाता परत वळली. "आजोबांना सांगू नकोस हं."

मला कुणी गुपित सांगितलं असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. आधी मी फुगून गेले. पण दुसऱ्या दिवशी अर्ध्याचा पाऊण डबा झाला, तिसऱ्या दिवशी तिने डबा उघडून थेट माझ्यातच पालथा केला, आणि मला काळजी वाटायला लागली. ती पहिली बाहेर पडायची, हातात दोरी, नावापुढे चांदणी. उड्या सातच्या नऊ झाल्या, नवाच्या बारा. संध्याकाळी फाटकाशी आजोबा विचारायचे, "सरकार, डबा संपवलात का?"

"संपला," ती म्हणायची.

"बटणं?"

"छान होती."

आजोबांचा आवाज असा खुलायचा की मी पालथी होते याचं मला बरं वाटायचं. निदान चेहरा बघायला लागायचा नाही.

ते असंच दोन आठवडे चाललं. एका दुपारी मावशी मला खड्ड्याशी रिकामी करत होत्या आणि मैदानावर सरकार उड्या मारत होती. मी मोजत होते. बारा, तेरा, चौदा. पंधरावी उडी आलीच नाही. ती मटकन खाली बसली, चेहरा पांढराफटक. शिट्टीसर धावले, तिला उचलून सावलीत नेलं. बाई पाणी घेऊन आल्या, कुणीतरी केळं सोलून दिलं. ते तिने एवढ्या भराभर खाल्लं की मी बघतच राहिले. गोगलगाय म्हणतात ना तिला, तिला तसं खाताना कुणी बघितलं नव्हतं.

त्या दिवशी फाटकाशी बाई स्वतः आल्या. त्यांनी तक्ता बघून ठेवला होता. सरकारच्या नावापुढे एकही चौकट रिकामी नव्हती.

"आजोबा, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "ती डबा रोज पूर्ण संपवते. पण तिला तो पुरत नाही असं दिसतंय. आज भुकेने चक्कर आली तिला. थोडं जास्त देत चला."

आजोबा म्हणाले, "चुकलंच माझं. स्वयंपाक साठीनंतर शिकलो, अंदाज येत नाही. पोर उपाशी राहिली आणि मला कळलं नाही."

सरकार तिथेच उभी होती. मला वाटलं आता बोलेल. ती बोलली नाही. मला तेव्हा तिचा राग आला, आणि त्या बाईंचा तर फारच. एवढं गाजर हातात देऊन ओळखायला लावता, मग एकदा माझं झाकण उघडून बघायला काय झालं होतं? पण राग येऊन काय करते. मी पालथीच होते.

दुसऱ्या दिवशी सरकारच्या हातात दुप्पट मोठा डबा. आजोबा पहाटे उठले असणार. बटणंही दुप्पट. ती माझ्यापाशी आली, झाकण उचललं आणि नुसती उभी राहिली. थोडं तिने खाल्लं होतं, तेवढ्यात मैदानावर शिट्टी झाली होती. मग तिने डोळे मिटून डबा पालथा केला. माझ्यात तिची बटणं पडली आणि त्यांच्यावर तिच्या डोळ्यांतलं पाणीही पडलं.

तिसऱ्या दिवशी आजोबा मधल्या सुट्टीतच शाळेत आले. खिशात एक केळं. मोठा डबा पुरतो की अजून वाढवू, एवढंच बाईंना विचारायचं होतं त्यांना. मुलं मैदानावर गेली होती. मावशी मला ओढत दारातून बाहेर काढत होत्या.

"थांबा, एका बाजूने मी धरतो," आजोबा म्हणाले आणि त्यांनी माझी कडी धरली. दोघांनी मला उचललं, मी कलंडले आणि झाकण सरकलं.

त्यांनी आत बघितलं. मग वाकून, बाही वर न सारताच, माझ्यात हात घातला.

"अहो, हात नका घालू," मावशी म्हणाल्या.

आजोबांच्या तळहातावर एक केशरी चकती होती. त्यांनी ती उजेडात धरली. "चार भोकं," ते म्हणाले. "हे माझं बटण आहे."

मावशींनी पदर तोंडाला लावला. "रोज येतात हो ही. मला वाटायचं बाजारात कापून मिळत असतील. हाताने कापलेली वाटतच नाहीत."

बाई दाराशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी आजोबांच्या हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या तक्त्याकडे. मग त्या माझ्याजवळ खाली बसल्या आणि आत बघत राहिल्या. अख्खी केळी, अर्धे पाव, अंड्याचं पिवळं, अंड्याचं पांढरं, वाटाणे. तीस मुलांचं अर्धं जेवण. त्यांच्या चेहऱ्यावरचं बघून माझा सगळा राग उतरला.

सरकार आजोबांना बघून धावत आली होती. दोरी हातातच होती.

"सरकार," आजोबा म्हणाले, "आवडत नाहीत का बटणं?"

"आवडतात."

"मग?"

"चावायला वेळ लागतो. दात नाहीत ना. मग दोऱ्या संपतात." ती रडायला लागली. "तुम्हाला बाई बोलल्या तेव्हा मला सांगायचं होतं. पण मग सगळ्या चांदण्या परत द्यायला लागल्या असत्या."

आजोबा मुलांच्या बुटक्या बाकावर बसले. गुडघे छातीपर्यंत आले. तिला त्यांनी जवळ ओढलं. "दात पडलेत हे मला ठाऊक होतं," ते म्हणाले, "आणि मी रोज कच्चं गाजर देत बसलो. माप न घेताच कापड कापलं मी."

"तुमचं काही चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "मी रिकामे डबे मोजत राहिले. पोटात गेलं की नाही ते विचारलंच नाही. तुम्हाला उगाच दोष दिला, आजोबा. मला माफ करा."

आजोबांनी खिशातलं केळं काढून नातीला दिलं. "सावकाश खा," एवढंच म्हणाले. आणि ती खाईपर्यंत तिथेच बसून राहिले. मावशीही माझी कडी धरून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा वर्गात गेले. बाईंनी मला स्वच्छ धुऊन मधोमध ठेवलं आणि मुलांना गोल बसवलं. "आज कुणालाही रागावणार नाही," त्या म्हणाल्या. "मला फक्त समजून घ्यायचंय. हिच्यात कोण काय टाकतं आणि का टाकतं?"

जो प्रश्न मला इतके दिवस छळत होता तोच. मी चिरेला सगळा जीव लावून बसले.

पहिला वाटाणेवाला म्हणाला, "मोजायला मजा येते." मग सगळे सुटले. भाजी गार होते. केळं दप्तरात दबून काळं पडतं. डब्याचं झाकण उघडता येत नाही आणि सांगायची लाज वाटते. पण जवळजवळ प्रत्येकाच्या बोलण्यात शेवटी एकच यायचं, दोऱ्या संपतात. जुळ्या बहिणींनी आपापलं सांगितलं, मग एकमेकींकडे बघितलं, आणि एवढ्या जोरात हसल्या की मला हायसं वाटलं. दारात उभे असलेले शिट्टीसर डोकं खाजवत म्हणाले, "आता सगळे खरं बोलताहेत तर मीही सांगतो. काकडी मलाही आवडत नाही." मुलं टाळ्या वाजवायला लागली.

बाईंनी तक्ता त्याच दिवशी काढला. भिंतीवर त्याच्या जागी चौकोनी डाग राहिला. मग सुट्टीचा क्रमच उलटा केला. आधी मैदान, मग हात धुणं, मग जेवण. जेवायला बसलं की घंटा होईपर्यंत कुणी उठायचं नाही, मग तुमचं लवकर होवो की उशिरा. भराभर संपवून मिळायचं काहीच नाही. ज्याचं आधी संपेल त्याने गप्पा मारायच्या. शिट्टीसरांनी एक जुना लांब सुती दोर कापून आणखी दहा दोऱ्या केल्या. आजोबा गाजर वाफवून द्यायला लागले, पण भोकं पाडायचं त्यांनी सोडलं नाही.

जादू झाली असं समजू नका. वाटाणे अजून येतात. गार भाजी अजून येते. पण खेळून आलेली मुलं घामाघूम होऊन, हात धुऊन बसतात आणि अशी जेवतात की झाकणाखाली मला खूप वेळ काही काम नसतं. सरांची काकडी येते, आता उघडपणे येते. मावशी मला एका हाताने नेतात, आणि दुसऱ्या हाताने ओचा सावरतात.

आजोबा मात्र त्या दिवसानंतर रोज दुपारी काहीतरी निमित्त काढून येत. कधी पाण्याची बाटली विसरली म्हणून, कधी उगाच. मुलं वर्गात गेली की माझ्यापाशी यायचे, झाकण उचलायचे आणि आत बघायचे. पहिल्या दिवशी तीन बटणं सापडली. मग दोन. एक दिवस एकच, तेही अर्धं चावलेलं. झाकण लावून निघून जायचे. नातीवर विश्वास नव्हता असं नाही. एकदा फसलेल्या माणसाला बघावंसं वाटतंच.

कालही ते आले. सरकारच्या वीस उड्या सकाळीच झाल्या होत्या, अख्ख्या शाळेने मोजल्या होत्या. आजोबांनी झाकण उचललं. आत थोडी सालं, चार-पाच वाटाणे आणि सरांच्या काकड्या. त्यांनी हाताने सालं बाजूला सारली, तळापर्यंत बघितलं. एकही बटण नव्हतं. त्यांनी झाकण अगदी हळू लावलं आणि त्यावर हलकेच दोन थापा मारल्या, नातीच्या पाठीवर मारतात तशा. मग नळावर हात धुतले आणि निघून गेले. आज ते आले नाहीत. माझी सगळी दुपार दाराकडे बघण्यात गेली, आणि ते आले नाहीत याचा मला एवढा आनंद झाला की काय सांगू.

मी म्हातारी होत चाललेय. बूड झिजलंय, चीर वाढतेय, पुढच्या वर्षी मावशी एक लहानशी बादली आणणार आहेत. एवढी मोठी लागते कशाला, असं त्या परवा म्हणाल्या. माझी काही तक्रार नाही. फक्त जेवायला बसाल तेव्हा एक करा. शेजारच्या पोराचा डबा रिकामा दिसला तरी त्याला विचारा, की बाबा रे, पोट भरलं का? आणि मला उपाशी ठेवा.